ओव्हरीच्या कॅन्सरमध्ये सीपीएस, टीआयएल, एनएलआर: या आकड्यांवरून नेमकं काय ठरतं आणि काय ठरत नाही

प्रश्न थोडक्यात असा आहे: तुमच्या ताईंचं वय ५२, ओव्हरीचा हाय ग्रेड सिरस कार्सिनोमा, स्टेज ३सी, आधी ऑपरेशन आणि मग कार्बोप्लॅटिन-पॅक्लिटॅक्सेल या केमोच्या ६ सायकल, शेवटची होऊन ३ आठवडे झालेत, सीए-१२५ (रक्तातला ट्यूमर मार्कर) सुरुवातीला १२४० होतं ते आता १८ आहे. रिपोर्टमध्ये पीडी-एल१ सीपीएस ४, टीआयएल 'मध्यम', एनएलआर ६.२ (पीडी-एल१ म्हणजे इम्यून पेशींना ब्रेक लावणारं प्रोटीन, बाकीच्यांचा अर्थ खाली सांगतेच). एका लॅबनं मोठं इम्यून पॅनल करायला सांगितलंय, म्हणजे इम्युनोथेरपी (इम्यून पेशींवरचा ब्रेक काढून त्यांना कॅन्सरशी लढू देणारी ट्रीटमेंट) चालेल की नाही ते कळेल म्हणून. ते करावं का, आणि एनएलआर ६.२ म्हणजे फार वाईट का.

मी गेली १९ वर्षं कॅन्सर पॅथॉलॉजी करतेय, त्यातली बरीचशी बायकांच्या कॅन्सरची, त्यामुळे स्लाइडच्या बाजूनं सांगते, ट्रीटमेंट तुमचे ऑन्कॉलॉजिस्टच ठरवतील. उत्तर लांब होणार आहे, पण घाईत असाल तर एवढंच वाचा: पॅनल आत्ता करू नका, ट्यूमरचा ब्लॉक (मेणात बसवलेला टिश्यू) जपा, आणि ब्राका आणि एचआरडी टेस्ट (ट्यूमरची डीएनए दुरुस्तीची यंत्रणा बिघडलीय का ते सांगणारी) झालीय का ते उद्याच विचारा, कारण तुम्ही टाकलेल्या सगळ्या कागदांत मला ती कुठेच दिसली नाही.

आता आधी एनएलआरचं घेते कारण त्यानंच घरातली झोप उडालीय असं दिसतंय. एनएलआर म्हणजे न्यूट्रोफिल भागिले लिम्फोसाइट, दोन्ही रक्तातल्या पांढऱ्या पेशी, बस, साध्या सीबीसीतून निघतो. न्यूट्रोफिल जास्त आणि लिम्फोसाइट कमी म्हणजे शरीरात सूज, जळजळ जास्त आणि कॅन्सरशी लढणारी फौज कमी, असा त्यामागचा ढोबळ विचार, आणि बऱ्याच अभ्यासांत ट्रीटमेंटच्या आधी एनएलआर जास्त असलेल्या बायकांचं सर्व्हायव्हल कमी दिसलंय हे खरं आहे. पण ताईंचा जो रिपोर्ट आहे त्यावरची तारीख बघा. सॅम्पल घेतलंय ते सहाव्या सायकलच्याच दिवशी सकाळी. पॅक्लिटॅक्सेलची रिअॅक्शन येऊ नये म्हणून आदल्या रात्री आणि त्या दिवशी सकाळी डेक्सामेथासोन देतात, ते स्टेरॉइड आहे, आणि स्टेरॉइड पोटात गेलं की रक्तवाहिन्यांच्या भिंतीला चिकटून बसलेल्या न्यूट्रोफिल सुटून वाहत्या रक्तात येतात आणि लिम्फोसाइट रक्तातून बाहेर निघून जातात, म्हणजे वरचा आकडा वाढला, खालचा कमी झाला, भागाकार फुगला. ताईंचे न्यूट्रोफिल ८१ आणि लिम्फोसाइट १३, म्हणून ६.२. ऑपरेशनच्या आधीच्या सीबीसीत तेच ७० आणि २२ आहेत, म्हणजे ३.२. बाई तीच, आजार तोच, आणि तेव्हा तर सगळा ट्यूमर पोटात होता! त्यामुळे ६.२ हा आकडा आजाराचा नाहीये, तो डेक्सामेथासोनचा आहे. कृपा करून तो डोक्यातून काढून टाका. केमोनंतर पेशी वाढवायला जे जी-सीएसएफचं इंजेक्शन देतात त्यानंही न्यूट्रोफिल वाढतात, साधं युरिन इन्फेक्शन झालं तरी वाढतात. शिवाय कट-ऑफ प्रत्येक अभ्यासात वेगळा, त्यामुळे एनएलआर बघून कोणी औषध बदलत नाही आणि बदलूही नये.

त्याच जुन्या सीबीसीत एक गोष्ट मात्र मला दिसली जी कोणी सांगितलेली नसेल, प्लेटलेट ४ लाख ९० हजार. याचं स्पष्टीकरण फार सुंदर आहे म्हणून सांगते. २०१२ साली ६१९ बायकांचा एक अभ्यास आला, त्यात ओव्हरीच्या कॅन्सरच्या ३१ टक्के बायकांमध्ये निदानाच्या वेळी प्लेटलेट साडेचार लाखांच्या वर होते. कारण काय, तर ट्यूमर इंटरल्युकिन-६ नावाचं रसायन सोडतो, ते लिव्हरला जाऊन थ्रॉम्बोपोएटिन बनवायला लावतं, ते बोन मॅरोला प्लेटलेट बनवायला लावतं, आणि ते प्लेटलेट परत ट्यूमरलाच वाढायला मदत करतात. म्हणजे स्वतःचा पुरवठा स्वतःच उभा करतो. अशा बायकांचं सर्व्हायव्हल सरासरीनं कमी होतं. ताईंचे प्लेटलेट तिसऱ्या सायकलपासून नॉर्मलला आलेत. काही प्रमाणात केमोनंही प्लेटलेट कमी होतात, पण सीए-१२५ सोबतच पडलंय, त्यामुळे मी ते चांगलंच लक्षण मानेन.

आता मूळ मुद्द्यावर येते. मार्कर दोन प्रकारचे असतात आणि सगळा गोंधळ इथेच होतो. एक प्रकार सांगतो की आजार साधारण कसा जाईल, मग औषध कुठलंही द्या. दुसरा प्रकार सांगतो की अमुक औषध या बाईला लागू पडेल की नाही. पुढचा घाट किती चढाचा आहे हे माहीत असणं वेगळं आणि आपल्याकडची कुठली गाडी तो चढेल हे माहीत असणं वेगळं. ओव्हरीच्या कॅन्सरमध्ये इम्यून मार्कर पहिलं काम बऱ्यापैकी चांगलं करतात, दुसरं काम फार थोड्या ठिकाणी करतात. लॅबचं ब्रोशर वाचलंत तर दोन्ही एकाच वाक्यात कालवलेलं असतं.

टीआयएल घ्या. टीआयएल म्हणजे ट्यूमरमध्ये शिरलेल्या लिम्फोसाइट. यावरचा सगळ्यात गाजलेला पेपर २००३ सालचा, पेनसिल्व्हेनिया युनिव्हर्सिटीच्या टीमचा, १८६ बायका, सगळ्या पुढच्या स्टेजच्या. ज्यांच्या ट्यूमरच्या आत टी-पेशी (लिम्फोसाइटचा एक प्रकार) होत्या त्यांच्यातल्या ३८ टक्के ५ वर्षांनी हयात होत्या, ज्यांच्यात नव्हत्या त्यांच्यातल्या फक्त ४.५ टक्के. मी शिकत होते तेव्हा हा आकडा ऐकून वर्गात सगळे गप्प झाले होते. मग २००५ मध्ये कळलं की नुसत्या टी-पेशी नाही तर सीडी८ जातीच्या, म्हणजे थेट मारणाऱ्या पेशी महत्त्वाच्या, आणि त्यांचं टी-रेग पेशींशी प्रमाण महत्त्वाचं. टी-रेग म्हणजे इम्यून सिस्टिमला आवर घालणाऱ्या पेशी, एरवी शरीराला त्यांची गरज असते, पण ट्यूमर त्यांना बोलावून घेतो, सीसीएल२२ नावाचा सिग्नल सोडून, हे २००४ मध्ये दाखवलं गेलं. आणि २०१७ मध्ये अनेक देशांतल्या टीमनी मिळून साडेपाच हजारांवर बायकांचे ट्यूमर तपासले, त्यात हाय ग्रेड सिरसमध्ये अगदी पायरी-पायरीनं फरक दिसला, सीडी८ पेशी अजिबात नसतील तर मध्यम सर्व्हायव्हल (म्हणजे निम्म्या बायका त्याहून जास्त जगल्या, निम्म्या कमी) २.८ वर्षं आणि भरपूर असतील तर ५.१ वर्षं.

हे आम्ही मोजतो कसं तेही सांगते, कारण 'मध्यम' या शब्दाचा अर्थ त्यातून कळेल. साध्या गुलाबी-जांभळ्या स्टेनमध्ये ट्यूमरच्या पेशी मोठ्या, वेड्यावाकड्या, मोठं न्यूक्लियस असलेल्या, गटागटानं असतात, आणि त्या गटांच्या मधून स्ट्रोमा म्हणजे आधार देणाऱ्या टिश्यूचे पट्टे जातात. लिम्फोसाइट म्हणजे बारीक, गोल, गर्द निळे ठिपके. त्या कुठे आहेत हे बघायचं असतं. मला अशा कितीतरी स्लाइड दिसतात जिथे स्ट्रोमात लिम्फोसाइटची नुसती दाटी झालेली असते पण ट्यूमरच्या गटात एकही नाही, अगदी उंबरठ्यापर्यंत येऊन थांबल्यासारख्या. असा ट्यूमर आकड्यात 'भरपूर लिम्फोसाइट' वाटतो पण कामाच्या त्या नाहीतच, काम त्या करतात ज्या ट्यूमरच्या दोन पेशींच्या मध्ये घुसून बसतात. वर सांगितलेल्या २०१७ च्या अभ्यासात मोजणी अशी होती: हाय पॉवरच्या एका फील्डमध्ये ट्यूमरच्या आतल्या सीडी८ पेशी १-२ असतील तर कमी, ३ ते १९ मध्यम, २० किंवा जास्त तर भरपूर. आता बघा, ३ पण मध्यम आणि १९ पण मध्यम. आणि मी फील्ड थोडं डावीकडे सरकवलं तर ४ चे १५ होऊ शकतात. म्हणून ताईंच्या रिपोर्टमधलं 'मध्यम' हे 'चांगल्याच्या बाजूचं' असं धरा, त्यावरून वर्षं मोजायला बसू नका. जुने आकडे तर त्याहून नाही, ते पार्प इन्हिबिटर (ट्यूमरच्या डीएनएची दुरुस्ती अडवणाऱ्या गोळ्या) यायच्या आधीचे आहेत, आजचं चित्र तेव्हापेक्षा बरंच वेगळं आहे.

शिवाय तुकडा कुठला आणि कधीचा हाही प्रश्न असतोच. हा आजार पोटभर पसरतो, ओव्हरी, ओमेंटम (पोटातला चरबीचा पडदा), पेरिटोनियम (पोटाचं आतलं अस्तर), आणि प्रत्येक ठिकाणचं इम्यून चित्र वेगळं असू शकतं. २०१७ मध्येच एका रुग्णाचा फार बारकाईनं अभ्यास झाला होता, एकाच बाईच्या शरीरात काही गाठी वाढत होत्या आणि त्याच वेळी काही आपोआप आकसत होत्या, आणि तपासल्यावर दिसलं की वाढणाऱ्या गाठींतून टी-पेशी बाहेरच ठेवल्या गेल्या होत्या, आकसणाऱ्यांत मात्र त्या आत होत्या. तेव्हा एका सेंटिमीटरच्या तुकड्यावरून पूर्ण पोटाचं भविष्य सांगायचं म्हणजे जपूनच बोलायला हवं. आणि ज्यांना आधी केमो देऊन मग ऑपरेशन करतात त्यांच्यात केमोनंतर टीआयएल बऱ्याचदा वाढलेल्या दिसतात, पीडी-एल१ पण बदलतं, म्हणून रिपोर्ट वाचताना तुकडा केमोच्या आधीचा की नंतरचा हे पहिलं विचारायचं. ताईंचा आधीचा आहे, ते बरं आहे.

आता सीपीएस ४. बहुतेक लोकांना वाटतं की ट्यूमरच्या ४ टक्के पेशींवर पीडी-एल१ आहे. तसं नाहीये. सीपीएस काढताना वर मांडतात पीडी-एल१ लागलेल्या सगळ्या पेशी, ट्यूमरच्या, लिम्फोसाइट आणि मॅक्रोफेज (कचरा गिळणाऱ्या इम्यून पेशी), आणि खाली फक्त जिवंत ट्यूमर पेशी, मग गुणिले १००. म्हणजे १०० ट्यूमर पेशींमागे ४ मॅक्रोफेज रंगले आणि ट्यूमरची एकही पेशी रंगली नाही, तरी सीपीएस ४ च येतो, आणि ओव्हरीच्या ट्यूमरमध्ये बऱ्याचदा हेच असतं, रंग मॅक्रोफेजवरच जास्त असतो. अँटिबॉडीचे क्लोन पण वेगवेगळे, २२सी३, एसपी१४२, एसपी२६३, आणि एकावर आलेला आकडा दुसऱ्याशी जुळेलच असं नाही. मागे माझ्याकडे दुसऱ्या मतासाठी एक ब्लॉक आला होता, बाहेरच्या रिपोर्टमध्ये सीपीएस १५ लिहिलेला. स्लाइड बघितली तर अर्धा तुकडा नेक्रोसिस, म्हणजे मेलेला टिश्यू, आणि तपकिरी रंग सगळा तिथेच. मेलेल्या भागातला रंग धरायचाच नसतो. ब्लॉकचा दुसरा भाग घेऊन परत केलं तर २ च्या आसपास आलं. त्या बाईंच्या मुलीनं १५ या आकड्यावर किती आशा बांधली होती ते मी समोर बसून पाहिलंय, म्हणून इतकं खोलात सांगतेय.

आणि पीडी-एल१ चा अर्थही सरळ नाही. २००७ मध्ये क्योटोच्या टीमनं दाखवलं की ट्यूमरवर पीडी-एल१ जास्त तर सर्व्हायव्हल कमी. नंतरच्या काही अभ्यासांत हाय ग्रेड सिरसमध्ये बरोबर उलटं आलं, पीडी-एल१ असलेल्या बायका जास्त जगल्या. दोन्ही कसं शक्य आहे? तर टी-पेशी आत शिरून लढायला लागल्या की इंटरफेरॉन गॅमा नावाचा सिग्नल सोडतात, आणि त्याला उत्तर म्हणून आजूबाजूच्या पेशी पीडी-एल१ ची ढाल पुढे करतात. म्हणजे ढाल दिसली याचा अर्थ बरेचदा असा की तिथे लढाई चालू आहे. कधी मात्र लढाई नसतानाच, जनुकांतल्या बदलांमुळे ढाल वर येते. रंग दोन्हीकडे तपकिरीच.

मग इम्युनोथेरपी चालेल का? सरळ सांगते, आत्ताच्या टप्प्यावर, पहिल्या केमोनंतर, फक्त सीपीएस ४ आहे म्हणून इम्युनोथेरपी देण्याला पुरावा नाही. २०२१ मध्ये एका मोठ्या ट्रायलचे निकाल छापून आले, आयमॅजिन०५० नाव, १३०१ बायका, केमो आणि बेव्हॅसिझुमॅबसोबत (ट्यूमरला नव्या रक्तवाहिन्या फुटू न देणारं औषध) अॅटेझोलिझुमॅब हे इम्युनोथेरपीचं औषध दिलं. आजार परत वाढेपर्यंतचा काळ १९.५ महिने विरुद्ध १८.४. पीडी-एल१ पॉझिटिव्ह असलेल्यांना वेगळं काढलं तरी फरक ठोस निघाला नाही. अॅव्हेलुमॅब या तशाच औषधाची, पहिल्या ट्रीटमेंटसोबतची ट्रायल तर फायदा दिसत नाही म्हणून थांबवली. नंतर पार्प इन्हिबिटर आणि इम्युनोथेरपी एकत्र देऊन काही ट्रायलमध्ये आजार थोपवण्याचा काळ वाढलेला दिसला, पण त्यात इम्युनोथेरपीचा वाटा किती आणि पार्पचा किती हे नीट सुटं करता येत नाही. आजार परत आलेल्या बायकांमध्ये एकट्या पेम्ब्रोलिझुमॅबची (हेही इम्युनोथेरपीचंच औषध) कीनोट-१०० ट्रायल झाली, ३७६ बायका, ट्यूमर आकसला सुमारे ८ टक्क्यांत. सीपीएस १० च्या वर असेल तर प्रमाण थोडं वाढत होतं, पण तरीही बहुसंख्य बायकांना उपयोग नाहीच.

याची कारणंही आहेत. मेलानोमा किंवा फुप्फुसाच्या कॅन्सरमध्ये ट्यूमरच्या डीएनएमध्ये म्युटेशन खूप असतात त्यामुळे इम्यून सिस्टिमला ओळखायला परके चेहरे भरपूर मिळतात, हाय ग्रेड सिरसमध्ये तशी म्युटेशन कमी, त्यात डीएनएचे तुकडे इकडचे तिकडे होणं जास्त असतं. वर पोटातलं पाणी, टी-रेग, ट्यूमरच्या बाजूनं फितूर झालेले मॅक्रोफेज. टी-पेशीचा ब्रेक काढला तरी ती पळणार कुठे.

पण एक नवीन गोष्ट झालीय आणि ती लपवणार नाही, कारण पुढे कधी गरज पडली तर ताईंचा तो सीपीएस ४ तिथे कामाला येईल. कीनोट-बी९६ या ट्रायलचे निकाल २०२५ मध्ये आले. प्लॅटिनमला, म्हणजे कार्बोप्लॅटिनसारख्या औषधांना, दाद न देणारा आजार असलेल्या बायकांना दर आठवड्याचं पॅक्लिटॅक्सेल, गरजेनुसार बेव्हॅसिझुमॅब, आणि त्यावर पेम्ब्रोलिझुमॅब. सीपीएस १ किंवा जास्त असलेल्यांत मध्यम सर्व्हायव्हल १८.२ महिने, पेम्ब्रोलिझुमॅब नसलेल्यांत १४. आमच्यासारख्या लोकांना, जे वर्षानुवर्षं ओव्हरीत इम्युनोथेरपीच्या फेल झालेल्या ट्रायल वाचत आलो, त्यांना ही फार मोठी बातमी आहे. म्हणजे सीपीएस ला अर्थ आहे, पण त्या विशिष्ट टप्प्यावर, त्या विशिष्ट औषधांच्या जोडीला. ताईंना प्लॅटिनम उत्तम लागू पडलंय, त्यामुळे तो टप्पा आज त्यांचा नाही. रिपोर्ट फाइलमध्ये नीट ठेवा, टेस्ट परत करायची गरज नाही. आणि कधी इम्युनोथेरपीचा विषय निघालाच तर थायरॉइड, संधिवात, सोरायसिस असं काही जुनं असेल तर डॉक्टरांना आधी सांगा, ब्रेक काढलेली इम्यून सिस्टिम स्वतःच्याच थायरॉइड, आतडी, फुप्फुस, लिव्हरवर जाऊ शकते आणि थायरॉइडसारखं नुकसान कायमचं राहू शकतं.

इम्युनोथेरपीसाठी खरंच ठोस उत्तर देणारा मार्कर म्हणाल तर एमएमआर. एमएलएच१, एमएसएच२, एमएसएच६, पीएमएस२ ही चार प्रोटीन डीएनएमधल्या चुका दुरुस्त करतात, त्यातलं एखादं गायब असलं की म्युटेशन भरमसाट वाढतात आणि तिथे इम्युनोथेरपी चांगली चालते. अवयव कुठलाही असो, फक्त हा मार्कर बघून पेम्ब्रोलिझुमॅबला अमेरिकेच्या एफडीएनं २०१७ मध्ये मान्यता दिली, कॅन्सरच्या औषधांत तोपर्यंत असं झालं नव्हतं. या स्टेनमध्ये एक छान सोय असते, ट्यूमरच्या पेशींचं न्यूक्लियस कोरं दिसलं तर आम्ही लगेच शेजारच्या लिम्फोसाइटकडे बघतो, तिचं न्यूक्लियस तपकिरी असेल तर स्टेन व्यवस्थित लागलाय आणि ट्यूमरमधलं प्रोटीन खरंच गेलंय, आणि लिम्फोसाइटही कोरी असेल तर स्टेनच बिघडलाय, परत करा. ही टेस्ट एंडोमेट्रिओइड आणि क्लिअर सेल प्रकारात आवर्जून करायची, हाय ग्रेड सिरसमध्ये हे क्वचित सापडतं. ताईंच्या रिपोर्टमध्ये चारही शाबूत आहेत. तेव्हा तो विषय संपला.

आता पॅनल आणि ब्लॉक. ऑपरेशनमधला टिश्यू मेणात बसवून जो छोटा चौकोनी ब्लॉक करतात त्यातून काही मायक्रॉन जाडीचे काप काढून एकेक टेस्ट होते. प्रत्येक मार्करला काप लागतो, आणि दर वेळी ब्लॉक मशीनवर चढवला की लेव्हल करताना थोडा आणखी टिश्यू वाया जातो. ताईंच्या रिपोर्टमध्ये लिहिलंय की भरपूर ट्यूमर असलेले ब्लॉक दोनच आहेत, बाकीच्यांत चरबी आणि नेक्रोसिस. २० मार्करचं पॅनल केलं तर त्यातला एक जवळपास संपेल, आणि मिळेल काय? तर मॅक्रोफेज किती, थकलेल्या टी-पेशी किती, बी-पेशींचे गट आहेत का, पेशी एकमेकींपासून किती अंतरावर आहेत. संशोधन म्हणून हे सगळं मला स्वतःला मनापासून आवडतं, ट्यूमरमधल्या बी-पेशींवर आणि प्लाझ्मा पेशींवर तर फार चांगलं काम चालू आहे, त्यातूनच उद्याच्या टेस्ट येतील. पण आज त्यातल्या एकाही आकड्यावर ताईंचं औषध ठरणार नाही. एखाद्या ट्रायलमध्ये नाव घातलं आणि त्यांनी टिश्यू मागितला तर जरूर द्या, ते वेगळं.

रक्तातून एनके सेल, 'इम्युनिटी स्कोअर' वगैरे ज्या टेस्ट मिळतात त्यांच्या वाटेलाही जाऊ नका, रक्तातल्या पेशींवरून ट्यूमरच्या आत काय चाललंय ते कळत नाही.

त्याच ब्लॉकवर ज्यानं औषध ठरतं ती टेस्ट म्हणजे एचआरडी आणि ब्राका. २०११ साली ४८९ हाय ग्रेड सिरस ट्यूमरचा जो मोठा जनुकीय अभ्यास झाला त्यात साधारण निम्म्या ट्यूमरमध्ये डीएनए दुरुस्तीची ही यंत्रणा बिघडलेली दिसली, आणि तशा ट्यूमरवर पार्प इन्हिबिटर गोळ्या चालतात. ब्राका म्युटेशन असलेल्या बायकांमध्ये पहिल्या केमोनंतर ओलापॅरिब दिलं, सोलो-१ ट्रायल, २०१८, आजार वाढण्याचा किंवा मृत्यूचा धोका ७० टक्क्यांनी कमी झाला, आणि ७ वर्षांनी ६७ टक्के बायका हयात होत्या, ओलापॅरिबऐवजी नुसती प्लॅसिबो (औषध नसलेली गोळी) मिळालेल्यांत ४६.५ टक्के. ब्राका नसेल पण एचआरडी असेल तरी उपयोग होतो, पाओला-१ मध्ये एचआरडी पॉझिटिव्ह बायकांना, यात ब्राकावाल्याही धरल्या आहेत, बेव्हॅसिझुमॅबसोबत ओलापॅरिब दिल्यावर आजार थोपवण्याचा काळ ३७.२ महिने, नुसत्या बेव्हॅसिझुमॅबवर १७.७. हे आकडे वर दिलेल्या इम्युनोथेरपीच्या आकड्यांशेजारी ठेवून बघा म्हणजे मी ब्लॉकसाठी एवढी का जीव तोडून सांगतेय ते कळेल. आणि गंमत म्हणजे इम्यून सिस्टिमचाही याच्याशी संबंध आहेच, ब्राका बिघडलेल्या ट्यूमरमध्ये टीआयएल बऱ्याचदा जास्त असतात, मोडक्या डीएनएचे तुकडे पेशीत सांडतात आणि पेशी त्याला व्हायरससारखं समजून धोक्याची घंटा वाजवते. टीआयएल जास्त असलेल्या बायका जास्त जगतात यामागे थोडा वाटा या ब्राकाचाही असणार.

सीए-१२५ चं राहिलं. हा इम्यून मार्कर नाही, पण इम्यून पॅनलपेक्षा जास्त माहिती तुमच्या हातात आधीच आहे. केमोच्या पहिल्या १०० दिवसांतली किमान ३ रीडिंग टाकली की केलिम नावाचा स्कोअर निघतो, सीए-१२५ किती वेगानं उतरलं ते सांगणारा, १ किंवा वर असेल तर केमोला प्रतिसाद चांगला. ताईंची चार रीडिंग आहेत, तुमच्या डॉक्टरांना काढायला सांगा, सुई टोचायचीही गरज नाही. आणि यापुढे दर पंधरा दिवसांनी सीए-१२५ करत बसू नका. २०१० मध्ये एक ट्रायल छापून आली, सीए-१२५ वाढल्याबरोबर केमो सुरू केलेल्या बायका आणि त्रास सुरू झाल्यावर केमो केलेल्या बायका, पहिल्या गटाची केमो जवळपास ५ महिने आधी सुरू झाली, जगण्यात काहीच फरक पडला नाही, फक्त तब्येत आणि मन लवकर खचलं. डॉक्टर सांगतील तेवढ्या अंतरानंच करा.

तर आता कामाचं. शेवटची सायकल होऊन ३ आठवडे झालेत. पार्प इन्हिबिटरच्या ट्रायलमध्ये गोळी केमो संपल्यापासून ८ ते १२ आठवड्यांच्या आत सुरू केली होती, आणि एचआरडीचा रिपोर्ट यायला काही आठवडे लागू शकतात, म्हणजे वेळ आहे पण घालवायला नाही. उद्या हॉस्पिटलच्या पॅथॉलॉजी विभागात जाऊन ब्लॉक मागा, दोन चांगल्या ब्लॉकपैकी ज्यात ट्यूमर जास्त आहे तो एचआरडीसाठी पाठवायला सांगा, कुठला पाठवायचा ते पॅथॉलॉजिस्टलाच ठरवू द्या आणि त्यांच्याकडून रिपोर्टची कॉपी पण घ्या, ती सोबत जोडावी लागते. दुसरा ब्लॉक तिथेच राहू द्या, पुढे कधी फोलेट रिसेप्टर अल्फाची टेस्ट लागली तर तो लागेल, त्या प्रोटीनवर काम करणाऱ्या औषधासाठी किमान ७५ टक्के ट्यूमर पेशी मध्यम किंवा ठळक रंगाव्या लागतात आणि ते बघायला टिश्यू शिल्लक हवा. त्याच दिवशी ताईंचं रक्त जन्मजात ब्राकासाठी द्या. रक्तात म्युटेशन निघालं तर तुम्हाला आणि ताईंच्या मुलांनाही टेस्ट करून घ्यावी लागेल, त्याबद्दल ताईंशी आधी शांतपणे बोला, कारण ही बातमी ऐकून बऱ्याच आया स्वतःच्या कॅन्सरपेक्षा मुलांसाठी जास्त हादरतात. रिपोर्ट आला की इथेच टाका, मी बघेन.